नर्मदेला कावळा शिवला

सुलतानबाजार, हैदराबाद
ता. ५ सप्टेंबर १९३७

ती. स्व. गं. भा. सुनीतीआत्या यांचे सेवेशी,
बालक राधाकृष्णाचे कृ. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. धाकट्याला दात येत आहेत, त्यामुळे रात्री तो जागतो आणि दिवसा आम्ही पेंगतो. तुम्ही पाठवलेली हळकुंडं पोचली. तुमच्या सुनेने, ताराने, अर्धी शेजारी वाटली आणि अर्धी कुलपात ठेवली.

तुमची कादंबरी 'नर्मदेची हळद' या महिन्याच्या अंकात पूर्ण झाली. गेलं वर्षभर आपलं मासिक लोकांनी निव्वळ तिच्यासाठी वाचलं, हे मी भाचा म्हणून नव्हे, संपादक म्हणून सांगतो. पत्रांचा ढीग पडला आहे. म्हणून दिवाळी अंकात 'लेखिकेस वाचकांचे प्रश्न' असं एक सदर घालायचं ठरवलं आहे. तुम्ही कशा लिहिता, का लिहिता, आयुष्याविषयी काय सांगाल, असे प्रश्न आहेत. निवडक सोबत पाठवतो. उत्तरं जरा गोड असू द्यावीत.

एक सांगायचं राहिलं. शेवटच्या प्रकरणात छापतेवेळी किंचित फेरफार करावा लागला. अंक हाती येईलच. माझी अडचण तुम्ही जाणताच.

तुमच्या मायेवर वाढलेला, तीच पुढेही मागणारा,
राधाकृष्ण


हिंगोली
ता. ११ सप्टेंबर १९३७

चि. राधाकृष्ण यास आशीर्वाद. या वेळी मोजकेच.

अंक कालच्या गाडीने आला. तुझ्या 'किंचित'मध्ये एक अख्खी विहीर मावली, आणि त्या विहिरीत माझी नर्मदा.

अरे, बारा महिने मी त्या बाईला उभी केली. दिराशी भांडून तिने दोन तुकडे जमीन राखली. ज्या हळदीचं बोट तिच्या कपाळाला लावायला गावात कुणी तयार नाही, तीच हळद तिने लावली, उसन्या कढईत शिजवली, वाळवली आणि गाडी भरून हिंगोलीच्या मोंढ्यात विकायला आणली. तिथे अडत्या अडून बसला. मोंढ्यातला भाव तोंडाने सांगत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटांनी ठरवायचा. बाईचा हात, त्यातून विधवेचा, रुमालाखाली धरायचा कसा? तेव्हा नर्मदा त्याच्याच खांद्यावरचा रुमाल ओढते, आपल्या हातावर टाकते आणि तो हात पुढे करून उभी राहते. संपली माझी गोष्ट. एवढीच होती.

तुझी नर्मदा मात्र स्वतःच्या पुढे केलेल्या हाताची लाज वाटून घरी जाते, देवाला दिवा लावते आणि आडात उडी घेते. वर तू पौर्णिमेचा चंद्र घातलास. मी बारा महिन्यांत एकदाही चंद्र काढला नव्हता.

आणि माझ्या नावामागचं ते 'गं. भा.' काढून टाक. मी चौदाव्या वर्षी विधवा झाले आणि पंचावन्नाव्या वर्षी मुलींच्या शाळेतून निवृत्त झाले. मधल्या चाळीस वर्षांना काही नाव आहे की नाही? तुझे आजोबा इथल्या छावणीत कारकून होते. त्यांनी मला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात घातलं, तेव्हा नातलग त्यांना म्हणाले होते की त्यापेक्षा पोरीला आडात लोटायची होती, खर्च तरी वाचला असता. ते ऐकून आजोबांनी दुसऱ्याच दिवशी माझी ट्रंक भरली. आज त्यांचा नातू तोच आड छापून, पोस्टाची तिकिटं लावून घरोघर पाठवतो.

तुझ्या वाचकांना उत्तरं हवीत ना? घे.

अकोल्याचे एक गृहस्थ विचारतात, स्फूर्ती कोठून येते. रागातून. आमच्या मदरबाई सांगत की संताप आला तर दहा अंक मोजावेत. मी दहा ओळी लिहिते.

परभणीहून विचारणा आहे, लिहिण्याची वेळ कोणती. दुपारची, शेजारच्या सुमनबाई झोपलेल्या असतात तेवढी. त्यांना जाग आली की माझं साहित्य थांबतं.

नांदेडच्या बुवांचा प्रश्न आहे, स्त्रीने लिहावे काय. पत्रातलं अक्षर बाईचं आहे, सही तेवढी बुवांची. उत्तर त्यांच्या घरातच आहे.

तरुण विधवेने कोणती पुस्तके वाचावीत? तिच्यापासून जी लपवून ठेवलेली असतात ती.

आणि तुमच्या हैदराबादच्याच तिघा-चौघांनी विचारलं आहे की नर्मदेने जीव का दिला. मला ठाऊक नाही. संपादकांना विचारावं, ते जवळ होते.

दिवाळी अंकात माझं शेवटचं प्रकरण मी लिहिलं तसं छाप. नाहीतर यातलं एक अक्षरही छापू नकोस.

लोभाचं नंतर बघू.
सुनीती


सुलतानबाजार, हैदराबाद
ता. २० सप्टेंबर १९३७

ती. स्व. सुनीतीआत्या यांस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. ताराने तीनदा वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. घरात आता तुमच्या बाजूने दीड मत आहे, कारण धाकटाही तिच्याकडेच असतो.

आत्या, ऐकून घ्या. मासिकाचं कार्यालय ज्यांच्या घरात आहे त्या वकीलसाहेबांनी शेवटच्या प्रकरणाची प्रुफं पाहिली आणि माझ्यासमोर चष्मा काढून ठेवला. रुमालाखाली परपुरुषाच्या हाती हात, हे आपल्या लेकीसुना वाचणार का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो की रुमालाखाली काही दिसत नाही. ते म्हणाले, म्हणूनच ते अधिक वाईट. दुसऱ्या दिवशी अंक छपाईला जायचा होता. मी मोडलो, हे कबूल.

पण आता काय करू? मेलेलं माणूस पुढच्या अंकात उठून बसलं तर लोक हसतील. शिवाय वाचक रडले, आत्या. लेखकाला यापेक्षा मोठं काय हवं? ती उत्तरं मात्र थोडी सौम्य करून द्या. नांदेडचे बुवा आपले जुने वर्गणीदार आहेत.

जवळा बाजारहून एक पत्र आलं आहे. मला त्याचा अर्थ लागला नाही. कसल्या कावळ्याचं आहे. तुमच्या मुलखातलं म्हणून जसंच्या तसं पाठवतो.

रागावलात तरी पत्र लिहीत राहा, एवढंच मागणं.
राधाकृष्ण


(सोबतचे पत्र)

मु. जवळा बाजार
ता. १४ सप्टेंबर

पुस्तकवाल्या बाईसाहेबांस मंजुळाबाईचा रामराम.

मी सांगून राहिले आन माझी सून शालू लिहून राहिली. मी सांगते तसंच लिही म्हणलं, सुधरू नको.

आमच्या वसरीवर दर महिन्याला नर्मदेचं वाचन होतं. शालू वाचते, आमी धा-बारा बायका ऐकतो. सखुबाई तर गोठ्यातलं काम टाकून येते. ह्या बारीला नर्मदा आडात गेली म्हणून वाचलं आन सखुबाईनं ऊर बडवला. मी डोक्यावरून पाणी घेतलं. त्या रोजी आमच्या घरी कुणी गोड खाल्लं न्हाई.

मंग मला इचार पडला. जी बाई आपल्या दिराला भर गावात बोलती, उसनी कढई मागून आणती, ती काहून आडात जाईल? मला वाटतं नर्मदेच्या डोक्याला कावळा शिवला आसंल. आमच्याकडं कावळा शिवला की ते माणूस मेलं म्हणून सोयऱ्यांना पत्र धाडतात. सोयरे रडतात, आंघोळी करतात, आन इघ्न टळतं. मंग दुसरं पत्र येतं की माणूस जित्तं हाये, रडू नका. तर बाई, आमी रडलो. बराबर रडलो. पर दुसरं पत्र अजून आलं न्हाई. ते कवा धाडता?

मला घाई हाये म्हणून इचारते. माझं मधलं लेकरू दोन सालामागं तापानं गेलं. ही शालू त्याची. इसाची बी न्हाई. चार बुकं शिकलेली हाये. हैदराबादेला बायांचा मास्तरणीचा वर्ग हाये, दिवाळीनंतर सुरू होतो, तिला त्यात जागा भेटली. माझा थोरला उकंडराव आधी व्हय म्हणला होता. आता ते छापलेलं त्यानं ऐकलं आन फिरला. म्हणतो, बघा, शिकून मोंढ्यात गेलेल्या बाईचं शेवट काय होतं ते पुस्तकातच हाये. मी म्हणलं, मेल्या, तुला पुस्तक कवापासून पटाय लागलं? पर तो कर्ता हाये. त्याच्याबिगर तिला कोण धाडील?

तवा दुसरं पत्र लवकर धाडा.

मंजुळाबाईचा आंगठा

ता. क. सासूबाई सांगत गेल्या तसं लिहिलं. आता माझं. बाई, तुम्ही तिला खरंच मारलंत का? - शालू


हिंगोली
ता. २४ सप्टेंबर १९३७

सौभाग्यवती असा की नसा, मला दोघी सारख्याच, त्या मंजुळाबाई आणि चि. शालू यांस,
सुनीतीबाईंचे नमस्कार आणि आशीर्वाद, जिचे तिने घ्यावेत.

मंजुळाबाई, तुम्ही बरोबर ओळखलंत. नर्मदेला कावळाच शिवला. तो कावळा हैदराबादेत सुलतानबाजारात राहतो आणि माझा सख्खा भाचा आहे. तुम्ही रडलात, आंघोळी केल्यात, विघ्न टळलं. आता हे दुसरं पत्र. नर्मदा जिवंत आहे. ती हिंगोलीच्या मोंढ्यात उभी आहे आणि तिचा हात पुढे आहे. कसा, ते सोबतच्या कागदांत लिहिलं आहे. माझं खरं शेवटचं प्रकरण मी माझ्या हाताने उतरवून पाठवते. शालूने ओसरीवर वाचावं, आणि सखुबाईंना पहिल्या रांगेत बसवावं.

शालू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मी तिला मारलं नाही आणि मारणारही नाही. मी अकरा वर्षांच्या मुलींना पस्तीस वर्षं शिकवलं. त्यांतल्या किती जणी नंतर कुंकू पुसून माझ्या दारात आल्या, हे मी तुला सांगत बसत नाही. पण त्यांच्यापैकी एकीलाही मी विहिरीची वाट दाखवली नाही. कागदावरच्या बाईला तरी का दाखवीन?

उकंडरावांना माझा निरोप सांगा. पुस्तकाचा दाखला द्यायचा तर पुस्तक लिहिणारीला विचारून द्यावा. येत्या बाजाराच्या दिवशी मी स्वतः येते. औंढ्यापर्यंत मोटार मिळेल, पुढे तुमची बैलगाडी पाठवा. मला दूध चालतं, कौतुक चालत नाही.

ओसरीवर जागा राखून ठेवा, मनात तर ठेवलीच आहे.
सुनीती


हिंगोली
ता. ४ ऑक्टोबर १९३७

चि. राधाकृष्ण यास आशीर्वाद.

काल जवळा बाजारहून परत आले. हाडं अजून गाडीतच आहेत.

तुला अर्थ न लागलेल्या पत्राचा अर्थ मी तिथे जाऊन लावला. ओसरी भरली होती, अंगणही. मी रुमालाचं प्रकरण वाचलं. नर्मदा हात पुढे करून उभी राहिली तेव्हा सगळ्या पुढे सरकून बसल्या. मग सखुबाईंनी विचारलं की भाव किती ठरला? मी म्हणाले, रुमालाखालचं रुमालाखाली. तर त्या म्हणाल्या, बाई, तुमाला मोंढ्यातलं काई ठावं न्हाई, भाव ठरल्याबिगर कोन उभं राहतं? बाकीच्या हसून हसून आडव्या झाल्या. माझ्या चाळीस वर्षांच्या लेखनावर एवढी स्वच्छ टीका आजवर कुणी केलेली नाही.

उकंडराव पायरीवर बसून ऐकत होते. माणूस दांडगा नाही, रे. मी वाईट ठरवून गेले होते, ते जमलं नाही. धाकट्या भावाच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून येतात. भावजयीचं काही वाकडं झालं तर गाव आपल्याला काय म्हणेल, याचा त्यांनी धसका घेतला आहे. ते मला सरळ म्हणाले, बाई, तुमचं बोलणं बराबर हाये, पर हे तुमी हातानं लिव्हलेलं हाये. मेली ते छापलेलं हाये. उद्या सोयऱ्यांत कुणी मला छापलेलं दाखवलं तर मी काय दाखवू? मी खूप बोलले. मराठीत बोलले, रागाच्या भरात थोडं इंग्रजीतही बोलले. त्यांनी मान हलवली. छापून आलं तर धाडतो म्हणाले. नाहीतर नाही. आणि त्यांनी ते आईच्या गळ्यावर हात ठेवून सांगितलं.

तेव्हा राधाकृष्णा, आता तुझ्या-माझ्यातलं भांडण संपलं. ते प्रकरण माझं राहिलं नाही. शालूच्या ट्रंकेला आत कागद लावून झाला आहे, मी पाहिला. ती ट्रंक उघडी राहील की बंद होऊन गाडीत चढेल, हे तुझ्या छापखान्यात ठरणार आहे.

मेलेलं माणूस उठलं तर लोक हसतील म्हणतोस. हसू देत. आपल्या मुलखात मेल्याचं पत्र आलं की त्यामागून जिवंत असल्याचं पत्र येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तू हैदराबादेत राहून विसरलास. तेच छाप. मंजुळाबाईंचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत, खाली माझं एकच उत्तर की होय, कावळा शिवला होता, आणि त्याखाली प्रकरण. नांदेडच्या बुवांना आणि स्फूर्तीवाल्यांना पुढे कधीतरी बघू. त्यांचं काही अडलेलं नाही.

वकीलसाहेबांना सांग की रुमालाखाली काय चाललं आहे याची त्यांना एवढी काळजी असेल तर एकदा मोंढ्यात येऊन हात घालून पाहावा. तिथे फक्त आकडे असतात.

हे न छापलंस तर मी तुझ्याशी भांडणार नाही. बोलणारच नाही. मला ते जमतं, तुझ्या वडिलांना विचार.

लोभ मागत नाही, अंक मागते.
सुनीती


सुलतानबाजार, हैदराबाद
ता. २७ ऑक्टोबर १९३७

ती. स्व. सुनीतीआत्या यांस,
कृ. सा. न. वि. वि.

अंक आज छापून झाला. पहिली प्रत तुम्हाला, दुसरी रजिस्टर पोस्टाने उकंडरावांच्या नावे जवळा बाजारला. मंजुळाबाईंचं पत्र अक्षरही न बदलता घेतलं आहे. जुळारी किसनसिंग खिळ्यांनी 'आंगठा' जुळवताना म्हणाला की आजपर्यंत मी पुष्कळांच्या सह्या छापल्या, असली पहिलीच.

वकीलसाहेबांना मी आधीच सांगितलं. चोरून छापायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी पुन्हा चष्मा काढला. मी वाट पाहिली नाही, कार्यालयाच्या किल्ल्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यामुळे मासिकाचं कार्यालय आता आमच्या माजघरात आहे. जुन्या अंकांच्या गठ्ठ्यावर बसून तारा भाजी निवडते आणि वर्गणीदारांच्या पत्रांना उत्तरंही देते. तिची उत्तरं तुमच्यापेक्षा सौम्य नाहीत. वकीलसाहेबांच्या ओळखीतल्या दोघांच्या वर्गण्या परत मागणाऱ्या चिठ्ठ्या अंक बाहेर पडण्याआधीच आल्या. कसं चालवायचं ते अजून कळत नाही.

त्या चंद्राची मला खरंच लाज वाटते, आत्या. विहिरीची तर वाटतेच.

शालूबाईंनी वर्गाला यायचं झालं तर उतरायला आमचं घर आहे. काचिगुडा स्टेशनावर मी स्वतः जाईन. त्या येतील ना?

आपलाच, तुमच्या बोलण्याला आसुसलेला,
राधाकृष्ण


मु. जवळा बाजार
ता. १२ डिसेंबर

सुनीतीबाईसाहेबांस मंजुळाबाईचा रामराम.

पत्राला उशीर झाला. लिहिणारी हैदराबादेला गेली, आता लिहिणार कोण? सखुबाईच्या पोराला धरलं तर त्याला जोडाक्षर येईना. म्हणून हे पत्र उकंडराव लिहून राहिलाय. अक्षर बघून घाबरू नका, त्याचं लहानपणापासून असंच हाये. हे बी लिही म्हणलं. लिहिलं त्यानं.

तुमचा अंक टपालवाल्यानं आणला तवा हा दुकानात होता. तिथंच उभ्यानं वाचला. मंग घरी आला, शालूला हाक मारली न्हाई, गाडीच्या बैलांना पाणी पाजलं. मी समजले. शालूची ट्रंक त्यानंच खांद्यावर घेतली. टेसनापरेंत आमी दोघं गेलो. गाडी हालली तवा ह्यो डोळे पुसत होता, आता लिहायला लाजून राहिला. लिही.

शालूचं पत्र आलं. तुमच्या भाच्याचं घर चांगलं हाये म्हणते, सुनबाई मायाळू हाये. वर्गात पहिल्या दिशी एकीनं तिला इचारलं की तू का आलीस. ही म्हणली, शिकायला, आन काहून येत्यात? मला लय बरं वाटलं.

गावात बोलणारे बोलतात. उकंडरावच्या सासऱ्यानं माणूस धाडला होता, इचारायला, की रांडमुंड पोरगी एकटी शहरात धाडली ते कुणाच्या अकलेनं. ह्यानं त्याला अंक दाखवला. सासऱ्याच्या माणसाला वाचता येईना. मंग ह्यानंच त्याला बसवून समदं प्रकरण वाचून दाखवलं, रुमालासकट. आता दर महिन्याला वसरीवर ह्योच वाचतो. अडखळतो, बायका हसतात, पर वाचतो. सखुबाई म्हणती शालू बरी होती. मी म्हणते, ह्याला बी शिकू द्या.

बाई, तकलीफ देते, पर एक काम हाये. सोयऱ्यांत अजून कुजबुज हाये की पोरगी पळून गेली. तवा ह्या पत्रात एक ओळ मी ह्याच्याकडून लिहून घेणार हाये. ती तुमी तुमच्या मासिकात छापा, म्हंजी कुणाला काही बोलाय जागा राहणार न्हाई. मी ओळ सांगितली. ह्यो लेखणी धरून बसला. बैलाला वैरण टाकून येतो म्हणला. मी म्हणलं, बैल उपाशी न्हाई, बस. लय येळ गेला. मी बी हालले न्हाई.

लिहिलं:

माझी भावजय शालूबाई ही हैदराबादेस शिकण्याकरिता गेली आहे. तिला मी पाठविले आहे. कोणास काही विचारणे असल्यास मला विचारावे.
उकंडराव, जवळा बाजार